फाट्यावरचा रांजण

ते पत्र सात वर्षांपूर्वी आलं होतं. इस्पितळात रक्तदाब मोजायच्या रांगेत तिसऱ्या नंबरवर बसलेल्या शांतवन भिंगारदिव्यांना ते अजून अक्षर न् अक्षर पाठ होतं. वहीचा फाडलेला कागद, सहावीतल्या मुलीचं गोल अक्षर, आणि सांगणारी तिची आजी, कुंडलची बनुबाई.

'पाळकसाहेबांस नमस्कार. माझा नाथाजी गेला तेव्हा तुम्ही जवळ होता. त्याने पाणी मागितले का? मागितले तर कुणी पाजले का? तुम्ही पाजले असेल तरी आमचे काही म्हणणे नाही, पाणी ते पाणीच. एवढेच लिहा. कळावे.'

कळावे, असं पत्राच्या शेवटी सगळेच लिहितात. या बाईला खरोखरच कळायचं होतं.

भिंगारदिव्यांनी ते पत्र एका जाड पुस्तकात घालून ठेवलं होतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता सात वर्षं गेली. मधल्या काळात बायको करुणाबाई देवाघरी गेली, नोकरी संपली, पाळकघर रिकामं करून ते माधवनगरच्या जुन्या चाळीत दोन खोल्यांत आले. मालकाने आधीच बजावलं होतं, "गुरुजी, तुम्ही एकटे राहा, काही म्हणणं नाही. फक्त घरात माणसं जमवून गाणी-बिणी नकोत." गाणी म्हणायला माणसं होती कुठं! पण ते "हो" म्हणाले. त्यांच्या तोंडून सहसा "हो"च निघत असे.

"आवं, तुमीच न्हवं का ते फादर?"

समोर नर्सिंगच्या पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. हातात रक्तदाबाचं यंत्र. आपण फादर नव्हे, पाळक, हे भिंगारदिव्यांनी लोकांना सांगायचं कधीच सोडून दिलं होतं.

"मी पूजा. कुंडलची. नाथाजी हवालदाराची पोरगी. माझे पप्पा हितंच वारले, तवा तुमी हुतासा जवळ."

भिंगारदिव्यांनी बाही वर सरकवली. पट्टा आवळला गेला.

"तुमाला पत्र मीच लिहिलं हुतं. मिळालं न्हवतं व्हय?"

"मिळालं होतं," ते म्हणाले.

"मग?" पूजाने यंत्राकडे पाहिलं. "लय वाढलंय हो तुमचं. गोळी घेतलीसा का न्हाई सकाळची?"

"बनुबाई... आहेत ना?"

"हायत की! शहात्तराव्या वर्षी कळशी घेऊन पळत्यात." पूजा हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "फाट्यावर एसटी थांबती न्हवं, तिथं लिंबाखाली रांजण ठेवलाय आजीनं. सकाळी दोन कळशा, दुपारी दोन. गुडघं पार गेल्यात. आई म्हनती, आत्याबाई, पाण्याचा जार ठेवू या, जारवाला पोरगा टेंपोतनं आणून देतोय. तर न्हाई. म्हनती, माझ्या लेकाला शेवटचा घोट मिळाला का न्हाई ठावं न्हाई. कळंपातूर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजणार. त्यातला एखादा घोट त्याला पोचंल."

"कळेपर्यंत?"

"व्हय. पत्र आलं की बंद करीन म्हनती. पोस्टमन दिसला की अजून इचारती." पूजाने पट्टा सोडला. "तुमी पाजलंच असंल की पाणी. आजी म्हनती, भला माणूस हाय, बढाई नको म्हणून लिहीत न्हाई. थांबा, फोनच लावते, तुमीच बोला."

"नको, नको!" भिंगारदिवे एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "मी लिहितो. पत्रच लिहितो."

"कवा? मी रिटायर झाल्यावर?"

ती गमतीनंच म्हणाली होती. भिंगारदिवे गोळ्यांची चिठ्ठी तिथंच विसरून बाहेर आले.

काय लिहायचं?

नाथाजी हवालदार फौजेतून आला आणि दोन वर्षांत त्याच्या किडन्या गेल्या. बनुबाई सहा दिवस त्याच्या उशाशी बसून होती. भिंगारदिवे तेव्हा रोज दुपारी वॉर्डातून फिरत, ज्याला हवं त्याच्यापाशी बसत, ज्याला नको त्याला नुसतं बरं वाटतंय का विचारत. सातव्या दिवशी तेच म्हणाले, "आई, तुम्ही पाहुण्यांकडं जाऊन अंघोळ करून या. मी बसतो."

ती गेल्यावर थोड्या वेळाने नाथाजीने डोळे उघडले. "पाद्रीबाबा, घोटभर पाणी द्या की."

त्याला दिवसाचं पाणी मोजून होतं, आणि त्या दिवसाचं माप सकाळीच संपलेलं. "सिस्टरांना विचारून येतो," भिंगारदिवे म्हणाले.

"सावकाश या. मी हाय हितंच."

सिस्टर टेबलावर नव्हत्या. येतील आता, म्हणून भिंगारदिवे व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. पिशवीत ते जाड पुस्तक होतं. एक प्रकरण अर्धवट राहिलं होतं. दोन पानं वाचू, असं म्हणून त्यांनी ते उघडलं.

वाचायला लागलं की त्यांना जगाची शुद्ध राहत नसे. करुणाबाई म्हणायची, घराला आग लागली तरी हा माणूस पुस्तकातली खुणेची दोरी शोधत बसेल. मान वर केली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. ते धावत आत गेले, तर खाटेभोवती हिरवे पडदे ओढलेले होते. आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून बनुबाई येत होती, ओले केस, हातात डबा.

"शांतपणे गेला, आई," ते म्हणाले. "मी जवळ होतो."

तीस वर्षं मयताच्या घरी ते हेच वाक्य बोलत आले होते, आणि तोपर्यंत ते खरं असायचं. त्या दिवशीही ते आपोआप आलं, जसं ख्रिस्ती माणसाला कुणी सलाम म्हटलं की तोही सलाम म्हणतो. बनुबाईने त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले.

शनिवारी ते लिहायला बसले. पहिल्या खेपेला चार पानं झाली. बायबलमधली पाण्यावरची डझनभर वचनं त्यांना पाठ होती, ती सगळी त्यात आली. वाचून पाहिलं तर तो उपदेश होता. मग अंतर्देशीय पत्र घेऊन त्यांनी तीन ओळी लिहिल्या. 'नाथाजीने पाणी मागितले. मी माझ्या हाताने पाजले. आता रांजण भरण्याचे कष्ट घेऊ नये.' अक्षर सुरेख आलं. एका खोट्याने म्हातारीच्या डोक्यावरची कळशी उतरत होती. वाईट काय होतं त्यात? त्यांनी पत्र चिकटवून पिशवीत ठेवलं, शेजारी एक कोरं अंतर्देशीय असूच दिलं.

रविवारी पहाटेच निघून माधवनगर ते सांगली, सांगली ते कराड, कराड ते उंब्रज अशा तीन गाड्या करून ते उपासनेला पोचले. उंब्रजच्या आसपास ख्रिस्ती नऊ घरं होती. नवा पाळक कुणी यायला तयार नव्हता, म्हणून निवृत्त होऊनही तेच जात. देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. लालासाहेब हे मंडळीचे वडील, म्हणजे पंच; त्यांच्या सोप्यात सतरंजी अंथरत. अलीकडे आधी पोलीस पाटलाला फोन करून कोण येणार, किती वाजता जाणार हे सांगावं लागे.

"साहेब, उपदेश जरा आटपशीर ठेवा," लालासाहेब पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाले. "मागच्या रविवारी आमचं नातू झोपलं, उठलं, परत झोपलं, तरी तुमचं चालूच."

"चुकलं माझं," भिंगारदिवे म्हणाले.

त्या दिवशी उपदेश दहा मिनिटांत संपला. लालासाहेबांनाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. "तब्येत बरी हाय न्हवं, साहेब?"

सगळे उठल्यावर कोपऱ्यातल्या रंगुबाईने हात चाचपडत पुढे केला. तिला आता दिसत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. पुतण्याच्या घरात पडवीला राहायची.

"सलाम, साहेब. हात द्या तुमचा."

त्यांनी दिला.

"एक मागायचं हाय. माझं आता काय खरं न्हाई. माझ्या वक्ताला तुमी या. निरोप धाडतील पोरं." तिने हात सोडला नाही. "तुमी उशाला असलासा की माणूस शांत जातंय म्हनं. त्या मिल्ट्रीवाल्याच्या आईनं सांगितलं हुतं आमच्या भावकीतल्या पोरीला. सगळीकडं म्हनत्यात. मला लय भ्या वाटतं बगा एकटीला. बसशीला न्हवं?"

आयुष्यभर ज्यांच्या तोंडून "हो"च निघत आलं होतं, त्या भिंगारदिव्यांनी मोकळ्या हाताने पिशवी जवळ ओढली.

"आं? ऐकू आलं न्हाई," रंगुबाई म्हणाली.

"मी काही बोललो नाही, मावशी."

"मग बोला की."

सोप्यात लालासाहेब सतरंजी गुंडाळत होते. भिंगारदिवे खाली बसले, रंगुबाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"मी त्याच्याजवळ नव्हतो, मावशी. त्या हवालदाराजवळ. तो पाणी मागत होता आणि मी बाहेर पुस्तक वाचत बसलो होतो."

रंगुबाईच्या बोटांची पकड सैल झाली, पण हात तिने काढून घेतला नाही.

"त्याच्या आईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतासा? तिला सांगा." आणि जरा रागानेच म्हणाली, "आन् माझ्या वक्ताला पुस्तक आणू नगा."

परतीची सांगली गाडी सुटायला कराडच्या स्टँडवर पाऊण तास होता. बाकावर बसून त्यांनी पिशवीतलं चिकटवलेलं पत्र काढलं आणि फाडलं, आधी उभं, मग आडवं. कोरं अंतर्देशीय मांडीवर घेतलं. खाली ठेवायला काहीतरी टणक हवं होतं. पिशवीत तेच जाड पुस्तक होतं. ते प्रकरण त्यांनी पुढं कधी वाचलंच नव्हतं.

'बनुबाईंस नमस्कार.

नाथाजीने पाणी मागितले होते. मी दिले नाही. सिस्टरांना विचारायला म्हणून गेलो आणि बाहेर वाचत बसलो. चाळीस मिनिटे. तो गेला तेव्हा मी जवळ नव्हतो. तुम्हाला खोटे सांगितले. त्याचे शेवटचे बोलणे जे मी ऐकले ते असे, "सावकाश या. मी हाय हितंच." आवाजात राग नव्हता.

रांजण बंद करा किंवा करू नका, हे सांगायचा अधिकार मला नाही. तुमची हरकत नसेल तर दर सोमवारी येऊन त्या दिवसाच्या कळशा मी भरीन. मला अजून वजन उचलवते. हरकत असेल तर तसे पूजाकडून कळवा, मी येणार नाही.

शांतवन भिंगारदिवे.'

वचन एकही घातलं नव्हतं. दोनदा वाचून पाहिलं. अक्षर वाकडं आलं होतं, मधे एके ठिकाणी शाई फुटली होती. जिभेने कड ओली करून त्यांनी ते चिकटवलं आणि पत्ता लिहिला.

स्टँडच्या फाटकापाशी भिंतीला एक लाल पेटी होती. तिच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती, ती पोस्टाच्या वेळांवर आली होती. भिंगारदिव्यांनी नखाने कागदाची कड उचलून पाहिली. रविवार सोडून रोज, दुपारी चार.

मागे सांगलीची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला, "सांगली, सांगली! आवं आजोबा, यायचं हाय का न्हाई?"

"आलो," ते म्हणाले, आणि पत्र आत सोडलं.

ते तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पेटी रिकामी होती.