डीनसाहेबांचं वर्तमानपत्र

नाईलच्या मुखाकडच्या आमच्या विद्यापीठात प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला विद्यार्थ्याच्या घरचे परीक्षकांसाठी जेवण आणतात. डीन शौकी हलवानी त्यावरूनच श्रेणी ठरवत. भरलेलं बदक दिसलं की ‘उत्कृष्ट’, नुसती बिस्किटं असली की ‘समाधानकारक’.

त्या दिवशी परीक्षा इनासची होती आणि तिच्या आईनं बदक आणलं होतं. तरी डीन बिथरलेले, कारण मार्गदर्शक होती रावया शिंदी. पत्रकारिता शिकवता शिकवता तिचे केस पांढरे झाले, पण बाई अजून सहप्राध्यापकच. प्राध्यापकपदाची फाइल डीनच्या सहीसाठी अडलेली. नव्या संशोधनावर आपलंही नाव घाल, असा त्यांचा निरोप होता. तिनं घातलं नव्हतं.

डीन आणि रावयाच्या जोडीला मी तिसरा परीक्षक. डीननी सुरुवातच केली, “तिसरं प्रकरण माझ्या पुस्तकातून उचललंय. प्रबंध नामंजूर करा.”

इनास रडवेली झाली. ते पुस्तक म्हणजे रावयाच्या व्याख्यानांना डीननी चढवलेलं कव्हर, हे विभागाच्या शिपायालाही ठाऊक होतं. पण प्रत्येकाची कुठली ना कुठली सही त्यांच्याकडे बाकी, त्यामुळे सगळ्यांची दातखीळ बसलेली.

रावयानं पुस्तक उघडलं. “साहेब, तुम्ही इस्माइलियाच्या ‘कालव्याची हाक’ या दैनिकावर भरभरून लिहिलंय. अंक कुठे पाहिलेत?”

“पाहिलेत? अहो, आमच्या घरी यायचं ते! वडील चहा पिताना मोठ्यानं वाचायचे.”

“असं दैनिक कधी निघालंच नाही. मुलांना बातमी तपासायला शिकवण्यासाठी मी ते रचलं होतं. म्हणजे तुमचे वडीलही मीच रचले की काय?”

मागच्या रांगेत इनासचा मामा खो-खो हसला. डीन रावयाकडे झुकून पुटपुटले, “डॉक्टरबाई, फाइल माझ्या टेबलावर आहे.”

“राहू द्या!” ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी कडाडली. “फक्त वाचू नका. नाहीतर पुढच्या वर्षी तीही तुमच्या नावानं छापून येईल!”

मतं दोन विरुद्ध एक. इनास डॉक्टर झाली. निकाल सांगताना डीनचे आभार मानायची रीत आहे. रावयानं निकाल वाचला आणि कागद टेबलावर आपटला. “आभार मानावेत असं इथं कुणी नाही.”

फाइलवर अजून सही नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती मात्र निघाली. तेवढं दैनिक गाळलंय. बाकी सगळं रावयाचंच.