शिवण खालच्या बाजूला

जरा कल्पना करा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात, बाहेर बर्फ पडतोय आणि घरात असूनही अंगात कोट घालून झोपावं लागतंय. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर शहरातल्या एका जुन्या तिमजली घरात नोएमिया रोज तशीच झोपायची. तळघरातल्या बॉयलरची वाफ पाइपांतून वर निघे, पण तिच्या खोलीत ऊब देणाऱ्या लोखंडी रेडिएटरपर्यंत पोचतच नसे.

“बॉयलर म्हातारा झालाय,” तिचे वडील आदेलिनो म्हणाले. “आज खोली तापली नाही तर उद्या पोरीला आत्याकडे पोचवतो. हिवाळाभर राहील तिथं.”

“म्हातारा तुझा सासरा!” तळमजल्यावरची डेल्फिनामावशी उसळली. एकतीस वर्षं तिनं इस्पितळांच्या, गिरण्यांच्या पाइपांवर ऊब टिकवणारी वेष्टणं चढवली होती. “पाइप उघडे पडलेत. वाफेचं वाटेतच पाणी होतंय. जुनं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण छातीला वाईट म्हणून काढून नेलं, नवं घालायचं कुणाला सुचलं नाही.”

“पण तुमची ही सुजलेली बोटं, मावशी...” आदेलिनो म्हणाले.

“बोटं माझी आहेत ना? बॉयलर बंद कर आणि वर जा. नोएमिया, हातमोजे घाल.”

दिवसभर दोघी तळघरात होत्या. मावशीनं काचेच्या लोकरीच्या नळ्या पाइपांवर चढवल्या, वळणावर तिरक्या कापून अशा जुळवल्या की नखही शिरू नये. वर शिवायला कॅनव्हासचं जाड कापड गुंडाळलं. सुई ओवताना मात्र सुजलेली बोटं वळेनात. तीनदा दोरा चुकला. तिनं सुई नोएमियापुढे धरली.

“शिवण खालच्या बाजूला घे. दिसता कामा नये.”

“पण इथं बघणार कोण?”

“मी बघतेय ना. पुरे झालं.”

संध्याकाळी बॉयलर पेटला. वाफ पाइपांतून कशी चढते ते ऐकायला मावशी तळघराच्या पायरीवरच बसली. नोएमिया वर धावली. आधी रेडिएटर फुसफुसला, मग हात ठेवणं अशक्य झालं.

“जिंकली म्हातारी!” आदेलिनो ओरडले. “कुठं जात नाहीस तू आता.”

नोएमियानं कोट काढला आणि तो हातात घेऊनच सांगायला खाली धावली. एरवी उबदार असणारं तळघर आता गारठलं होतं. सगळी ऊब वर गेली होती. मावशी भिंतीला टेकून झोपली होती, बोटं मांडीवर.

नोएमियानं तिला उठवलं नाही. कोट तिच्या अंगावर घातला, कडा कुठे फट राहू नये अशा खोचल्या, आणि उसवलेल्या बाहीची शिवण खालच्या बाजूला वळवली.