व्हर्नच्या कोटाचं बटण

मी एक पितळी बटण बोलतोय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या व्हर्न हॅल्व्होर्सन यांच्या लोकरी कोटावर, वरून दुसरं बटण म्हणून माझा संसार सुरू झाला. कोट जुना झाला, टाका सुटला. त्यांनी मला पुन्हा शिवून घेतलं नाही. खिशात टाकलं आणि दर मंगळवारी संध्याकाळी पूल लीगला, म्हणजे टेबलावर काठीने पांढरा चेंडू मारून त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू भोकात घालायच्या सामन्यांना, नेलं.

तिथे माझं काम लहान, पण मान मोठा. शेवटचा काळा चेंडू मारण्याआधी तो कोणत्या पॉकेटात, म्हणजे टेबलाच्या कोणत्या भोकात, घालणार, हे खेळाडूने त्या पॉकेटापाशी खूण ठेवून दाखवायचं. कोणी बाटलीचं बूच ठेवतं, कोणी किल्ली. व्हर्न मला ठेवत. मग सगळ्यांचं बोलणं थांबे, बशीतलं तळलेलं चीज गार होई. मला दर वेळी प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं वाटे.

घरी तळघरात एक टेबल होतं. त्यावर त्यांची बायको आर्डिस एकटीच खेळे. तिचा नेम नवऱ्याहून पक्का.

"लीगमध्ये जाऊन खेळ थोडाच सुधारतो?" ती म्हणे. "पोट सुटतं तेवढं."

"घरी चुकलीस की तू चेंडू परत मांडतेस," व्हर्न म्हणत. "तिथे मांडता येत नाही."

एका उन्हाळ्यात व्हर्न वारले. संघात त्यांची जागा रिकामी राहिली. आर्डिसने देवासमोर हात जोडून संकल्प केला: त्यांचा हंगाम मी पुरा करीन, एकही मंगळवार चुकवणार नाही. आणि त्यांचाच कोट घालून ती निघाली.

पहिलाच डाव शाळेची बस चालवणाऱ्या मर्लशी. आर्डिसने काळा चेंडू अलगद पॉकेटात घातला आणि हसत वळली. टाळी कुणीच वाजवली नाही.

"खूण, आर्डिस," मर्ल हळूच म्हणाली.

"अगं, पण गेला ना आत!"

"गेला. पण कुठे जाणार ते तू दाखवलंच नाहीस. डाव माझा."

मी खिशातच होतो. तळघरात इतकी वर्षं कुणाला दाखवायचं होतं?

पुढे ती हरतच राहिली. चार डोळे बघू लागले की तिचा नेम चुके. तरी बर्फ तुडवत ती यायची. आणि मला नवल वाटायचं ते हरवणाऱ्यांचं. डावात कुणी दयामाया दाखवत नसे; डाव संपला की तेच शेजारी उभे राहून शिकवत.

"काळ्याकडे सगळेच बघतात," मर्लने एकदा सांगितलं. "तू पांढरा कुठे थांबतो ते बघ."

हंगामाचा शेवटचा मंगळवार आला. समोर पुन्हा मर्ल.

"आज हरले तर व्हर्नची जागा दुसऱ्या कुणाला दे," आर्डिस संघप्रमुख गसला म्हणाली.

"आधी खेळ, मग रुस."

काळा चेंडू तेवढा उरला. कोपऱ्यातल्या पॉकेटाशी तो अगदी सरळ रेषेत होता. तिने मला तिथे ठेवलं, वाकली, आणि थांबली. काळ्यामागोमाग पांढराही आत पडला असता, म्हणजे डाव गेलाच. ती सरळ झाली, टेबलाला वळसा घालून आली आणि मला उचलून मधल्या पॉकेटापाशी ठेवलं. ती वाट अवघड होती. गसने तोंडावर हात धरला.

सगळ्यांचे डोळे तिच्यावरच होते. काठी मात्र सरळ गेली. काळा चेंडू माझ्या खालून आत उतरला, पांढरा दोन वितींवर येऊन थांबला. तळघरात तिने शेकडो चेंडू घातले असतील. असा, आधी दाखवून आणि चार डोळ्यांदेखत, एकही नाही.

मर्लने काठीचा बुंधा जमिनीवर आपटला. मग सगळ्यांनीच आपटला. ती दाद अजून माझ्या पितळात घुमते.

निघताना गस म्हणाला, "ते बटण शिवून घे आता. गारठा शिरतोय तिथून."

आर्डिसने कोटाच्या फटीवर एक हात धरला आणि दुसऱ्या हाताने मला खिशात ठेवलं.

"राहू दे. पुढच्या हंगामात लागेल."

तेव्हा बाबांनो, कुठे सुईदोरा घेऊन कोणी माझ्याकडे येत असेल तर त्याला थांबवा. मला अजून पुष्कळदा खिशाबाहेर यायचं आहे.