वाटोळ्याची सभा

कोडोलीतल्या आमच्या दूध संस्थेत नवा बल्क कूलर येऊन अकरा महिने झाले होते. पाच हजार लिटर दूध थंड ठेवणारी ती स्टीलची टाकी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. तिच्याखाली एका कोंबडीनं दोनदा पिल्लं काढली. आत जुनी टाकी म्हाताऱ्या म्हशीसारखी धापा टाकत होती. नवी कधी बसवणार असं विचारलं, की चेअरमन भाऊसो म्हणायचे, "हुतंय की!"

शेवटी संचालकांनी धम्मपाल कांबळेला सेक्रेटरी नेमलं. गावचाच पोरगा. पुण्याच्या कारखान्यांत यंत्रं बसवून देण्यात सहा वर्षं घालवलेली. बायकोला, प्रीतीला, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली म्हणून परत आला. मी संस्थेत दुधाची फॅट काढायला बसतो, त्यामुळं पुढचं सगळं समोर बसून बघितलं.

आल्या आल्या त्यानं भिंतीवर पांढरा फळा लावला. त्यावर तीन रकाने पाडले: करायचंय, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. आठवड्याभरात झाडून सगळ्या चिठ्ठ्या 'चाललंय'मध्ये जाऊन बसल्या आणि तिथंच मुरल्या. मग त्यानं प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव लिहायला घेतलं.

"नव्या टाकीखालचा कोबा करायचं काम कुणाचं?"

"सगळ्यांचं," भाऊसो म्हणाले.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळेच की."

"त्यातल्या एकाला फोन लावायचा झाला, तर कुणाला लावू?"

भाऊसोंनी बराच विचार केला. "मला लावू नका."

नावं पडली तशी कामं हलली. पंधरा दिवसांत बहुतेक चिठ्ठ्या 'झालं'मध्ये गेल्या. टाकी बदलायची तारीख ठरली. सकाळचं दूध टँकर नऊला घेऊन जातो, संध्याकाळचं साडेपाचला यायला लागतं. तेवढ्या वेळात जुनी बाहेर, नवी आत. चुकलं, तर चार हजार लिटर दूध नासणार. भाऊसोंनी उद्घाटनाला एका बड्या पाहुण्यांनाही बोलावून टाकलं.

दहा दिवस आधी धम्मपालनं सगळ्यांना बसवलं. म्हणाला, "असं समजा, तो दिवस होऊन गेलाय. आपली पार फजिती झालीय. दूध नासलंय, गाव दारात शिव्या देतंय. आता सांगा, हे कशानं झालं?"

भाऊसो ताडकन उठले. "कांबळे, शुभ कामाआधी असलं अभद्र बोलतंय व्हय कोण?"

टाकी धुणाऱ्या धोंडुबाई दारात खराटा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगू काय?"

"सांगा मावशी."

"त्या दिवशी बाजार हाय. तुमची क्रेन काय भाजीवाल्यांच्या डोक्यावरनं येणार हाय?"

तारीख ठरवताना सात शहाणी माणसं हजर होती आणि बाजार कुणालाच आठवला नव्हता. मीही त्या सातांतला.

"आनि कोबा," धोंडुबाई थांबेचनात, "त्याचा ढाळ उलटा हाय. पाणी मोरीकडं न्हाय, दाराकडं येतंय. मी धुतो की रोज, मला म्हाईत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

मग जे सुरू झालं, ते आवरेना. दुसऱ्याचं काम कसं फसेल हे सांगायला आमची माणसं एका पायावर तयार असतात. कुणी म्हणालं टँकर उशिरा येईल, कुणी म्हणालं कूलरचा मेकॅनिक फोन उचलणार नाही. शेवटी इलेक्ट्रिशियन गुंडू डोकं खाजवत उभा राहिला.

"ती थ्री फेजची केबल…"

"तुमची चिठ्ठी 'झालं'मध्ये आहे, गुंडू."

"व्हय. पर झालं म्हंजे, ठरलं. आणल्याली न्हाय अजून."

धम्मपाल ओरडला नाही. गुंडूची चिठ्ठी काढून त्यानं मागं सरकवली आणि तिच्यावर लिहिलं: केबल भिंतीवर, मोटर फिरताना दाखवली की झालं. मग तारीख दोन दिवस पुढं ढकलली. कोबा फोडून नवा केला. त्यावर धोंडुबाईंनी बादलीभर पाणी ओतून पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा कुठं ती चिठ्ठी सरकली.

ठरल्या दिवशी सव्वानऊला जुनी टाकी सुटली. साडेदहाला नवी टाकी क्रेनला लटकली, आणि भाऊसो हात वर करून मध्ये आले.

"थांबवा. पावणं कोल्हापुरातनं निघाल्यात. त्यांच्या हस्तं आत न्यायची."

"किती वेळ?"

"येत्यात की."

क्रेनवाला धम्मपालकडं बघत होता. सगळं अंगण बघत होतं. धम्मपालच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. नोकरीला दोन महिनेही झाले नव्हते आणि नेमणारा माणूस समोर उभा होता.

"भाऊसो," तो हळू म्हणाला, "पाहुणे आले की हार घालू, भाषण ठेवू. पण म्हशींना थांबा म्हणायला मी जाणार नाही. तुम्ही जाणार असाल, तर थांबवतो."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. भाऊसोंनी वळून बघितलं, कोण ते कळलं नाही. (मीच होतो.) ते बाजूला झाले.

"घ्या आत," धम्मपाल म्हणाला.

मेकॅनिकनं दोन तास खाल्ले, कारण एक नट कुणाच्याच यादीत नव्हता. तो नट वारणानगरहून येईपर्यंत धम्मपाल अंगणात फेऱ्या मारत राहिला. साडेचारला मोटर फिरली. पाहुणे पाचला आले, चालू टाकीला हार घालून सहकारावर वीस मिनिटं बोलले. साडेपाचला दूध घालायला आलेल्या अंजनाकाकींनी पहिली किटली ओतली. नव्या टाकीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फॅट कमी लागली म्हणून मला मात्र चार शब्द ऐकवले.

आठला तापमानाचा काटा चार अंशांवर आला. भाऊसोंनी तो स्वतः तीनदा पाहिला आणि चहा सांगितला. चहा आल्यावर पहिला कप त्यांनी धम्मपालच्या हातात दिला.

धम्मपाल दिवसभरात पहिल्यांदा स्टुलावर टेकला. तोच धोंडुबाई समोर आल्या.

"नव्या टाकीचं झाकण उंच हाय. माझा हात पोचत न्हाय."

"उद्या बघू या, मावशी."

"उद्या कशाला? उठा की."

तो कप घेऊन उठला. धोंडुबाईंनी ते स्टूल उचललं आणि टाकीपाशी नेलं.