बदनाम किडनीची कैफियत

मी किडनी बोलतेय. दचकू नका, प्लास्टिकची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिरताच पोट उघडं टाकून उभा असलेला जो पुतळा दिसतो, त्याची मी डावी किडनी. पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. असलं नाव घेऊन मिरवायचं तरी कुठे?

कारखान्यात माझ्यावर रंगाचा हात जरा जास्तच फिरला, त्यामुळे मी किडनी कमी आणि रंगवलेला बटाटा जास्त दिसते. पाठीची खुंटी पहिल्याच वर्षी मोडली. हृदय दाखवलं की वर्ग गप्प होऊन बघायचा. माझी पाळी आली की मी टपकन खाली पडायचे आणि सगळे खो-खो हसायचे. शेवटी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी कंटाळून मला टेबलावर कागद दाबायला ठेवलं. उजवी अजून जागेवर आहे. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

एकदा त्या टेबलाशी चौघीजणी येऊन बसल्या. समुपदेशक बाईंच्या खोलीत रंगकाम चाललं होतं, म्हणून इथे. त्या बाई, वर्गशिक्षिका, नववीतली एक मुलगी आणि तिची आई. मुलगी मनाच्या आजारासाठी बरेच दिवस इस्पितळात राहून आली होती आणि सोमवारपासून शाळेत परतणार होती. सुरुवातीला अर्धा दिवस, बुडालेला अभ्यास सावकाश, परीक्षेची घाई नाही, असं ठरत गेलं. मुलगी टेबलावरून मला उचलून हातात घोळवत, मान खाली घालून ऐकत होती.

मग आईने चाचरत सांगितलं, की शेजारीपाजारी आणि वर्गातही किडनीचा त्रास झाला असंच सांगितलंय, तर तेच पुढे चालू ठेवावं. मी गारच पडले. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

काय सांगायचं आणि किती, ते हिचं हिलाच ठरवू द्या, असं समुपदेशक बाई म्हणाल्या. "लोक वेडी म्हणतील हो हिला," आई म्हणाली आणि तिला रडू आवरेना. मुलीची मूठ माझ्याभोवती घट्ट आवळली गेली. माझा सगळा राग तिथेच विरला. फार वाईट वाटलं मला त्या पोरीचं.

तिला भीती होती ती वेगळीच. वर्गात जीव घाबरा झाला तर सगळ्यांदेखत हात वर करून परवानगी कशी मागायची? वर्गशिक्षिकेने लाल कार्डाची युक्ती काढली. ते बाकावर ठेवायचं आणि कुणाला न विचारता समुपदेशक बाईंकडे निघून जायचं. लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढतात, मुलगी पुटपुटली. मग तिने मूठ उघडून मला पुढे केलं.

"ही चालेल? नाहीतरी सगळं हिच्याच नावावर खपवलंय."

रडता रडता आईलाही हसू फुटलं. अशी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली, तीही वशिल्याशिवाय.

सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलेलं होतं. मला वाटलं, आता माझ्यावाचून शाळेचं पानही हलणार नाही. झालं भलतंच. गणिताचे सर इतके सावध, की मी कंपासपेटीमागून नुसती डोकावले तरी म्हणायचे, "जा बाळा, जा." ती बिचारी पेन शोधत असायची. सरांना वाईट वाटू नये म्हणून उगाच बाहेर फेरी मारून यायची.

आणि एका मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण वळली. तोंडाला कुलूप नसल्यामुळे वर्ग तिला रेडिओ म्हणतो. "तुझी किडनी बरी आहे ना आता? आई म्हणते, भरपूर पाणी पीत जा." आजूबाजूचे सगळे कान इकडे झाले.

मुलीचा हात माझ्याकडे आला. मी ओळखलं, आता ही मला बाकावर ठेवून निघून जाणार, आणि तो खोटा आळ जन्मभर माझ्या माथी राहणार. तिने मला बाकावर ठेवलं खरं, पण ती उठली नाही.

"माझ्या किडनीला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "मला जगावंसंच वाटत नव्हतं. म्हणून इस्पितळात होते. आता बरं वाटतं. रोज नाही, पण वाटतं."

रेडिओ चक्क बंद पडला. मग हळूच म्हणाली, "ही ठेवून बाहेर गेलीस, की मी पण येऊ? नुसती बसेन. बोलणार नाही."

"तुला जमेल?"

"नाही. पण येऊ?"

त्या दिवशी फाटकाशी न्यायला आलेल्या आईला तिने सगळं सांगितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "मग? काय म्हणाले सगळे?" मुलगी म्हणाली, "एकीने चुकून माझा डबा संपवला. उद्या दोन डबे दे, मी पूर्ण दिवस थांबते." आई तिथेच, रस्त्यावर, तिला कवटाळून उभी राहिली. मी दप्तरात चेपून गेले, पण तक्रार केली नाही.

हल्ली मी बहुतेक वेळ दप्तराच्या तळाशी बेकार पडून असते. कधी आठवडाभर कुणी विचारत नाही, कधी एकाच दिवसात पुन्हा पुन्हा बाहेर निघते. दोन्ही चालतं. फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरचं कुणी असं परतून आलं, तर त्याच्या आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. आम्हा किडन्यांना आमचे आजार पुरेसे आहेत.