गळ्यातल्या रुपयाची किंमत

सवत मेली तरी गळ्यात बसते, ही आमच्याकडची रीत. मागून आलेल्या बायकोच्या गळ्यात गेलेलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा, म्हणजे मेलेली जिवंतीला छळत नाही म्हणे. टाक घडवत कोण बसतो, म्हणून सावद्याला माझ्या सासरी जुन्या रुपयालाच कडी डाग देऊन झाळून दिली. "घरातला कोरा रुपया आहे, सुगंधाच्या नावाने घाल," असं माझे मालक पितांबर लग्नात म्हणाले. सुगंधाबाई त्यांची पहिली, केळीच्या मळ्यातल्या विहिरीवर पाय घसरून गेली, असं सांगितलं होतं. मी घातला. न घालून सांगते कोणाला?

नवं लुगडं आलं की आधी त्या रुपयाला लावायचं, मग मी नेसायचं. सणाला पहिला घास तिचा. मला भारी राग यायचा त्याचा.

एकोणनव्वद साली आखाजीच्या सणाला मी माहेरी धरणगावला आले. थोरला भाऊ अभिमन बियाणं आणायला जळगावला निघाला, मीही त्याच्या मागे लागले. तिथे छगनशेठ जुनी नाणी विकत घेतात असं ऐकलं होतं. चांगला भाव आला तर हा विकायचा आणि दुसरा साधा रुपया अडकवायचा, असं मी ठरवलं होतं. मेलेलीला काय कळतंय! भाऊ मात्र दुकानाच्या पायरीवरच घुटमळला.

"कसाले उगाच उकरस?" म्हणाला. मी ऐकते होय?

छगनशेठनी भिंग लावून साल वाचलं, राजाचं तोंड बघितलं, रुपया तळहातावर तोलला.

"साल दुर्मिळ आहे, बाई. शिक्काही झिजलेला नाही. नुसता असता तर मी सोडला नसता. पण कडी झाळली की किंमत निम्म्याच्या खाली जाते. आणि ह्याला तर तीनदा झाळलीय."

"तीनदा कशी? लग्नात एकदाच बसवलीय."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. रुपयाच्या काठावर सगळीकडे बारीक दाते होते. माझ्या कडीच्या शेजारी मात्र दोन ठिकाणी ते कानस मारून सपाट केले होते.

"आधीच्या दोन कड्या तोडून घासल्यात," शेठ म्हणाले.

"कोणाच्या माळेतला असेल."

"माळेतली कडी एकदा बसली की बसली. ती तोडतो कोण?"

कोण तोडतं ते मला ठाऊक होतं. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावरचा टाक डोक्यावरून काढत नाहीत, कडी तोडून काढतात. आणि पहिलीच्या गळ्यात टाक नसतोच, तो मागून आलेलीच्या गळ्यात असतो. म्हणजे हा रुपया माझ्याआधी दोघींनी घातला होता, आणि त्या दोघींच्याही आधी एक होती. शेठ पुढे काही बोलत होते, ते मला ऐकूच आलं नाही.

भाऊ बाहेर रसवंतीवर बसला होता. किंमत किती आली, हे त्याने विचारलंच नाही.

"भाऊ, सुगंधाच्या आधी कोण होती?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "सकाय पाव्हना येतीन तुले सासरी लेवाले. त्यासनामोरे असं काही बोलू नको."

"मी विचारते ते सांग."

"तुनं वय वाढी ऱ्हायंतं, नंदा. आबा थकी ग्यात. पाव्हनासनी हुंडा नही मांगा, लगीनना खर्च बी उचला."

म्हणजे ह्याला माहीत होतं. सख्ख्या भावाला. मला रडू आलं नाही, संताप आला.

"तीन होत्या, भाऊ. मी चौथी आहे."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमले तं दोनच सांगेल व्हत्यात," तो म्हणाला.