टेकचंदची पापणी

"पापणी वर करा. पाहुणे येऊन राहिले," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाली.

टेकचंदने बोटाने डावी पापणी उचलली. बोट काढताच ती खाली.

वरठी स्टेशनसमोर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. सकाळी गडी खणखणीत. दिवस कलला की पापण्या मिटत, जीभ जड होई. कारखान्यातून सुटलेले कामगार पंक्चर काढून घेता घेता विचारत, "काहून टेकचंद, आज लवकरच लागली का?" गावाला त्यात वाईट काही वाटत नव्हतं. पिणारा गावाच्या हिशेबात बसतो. न पिणाराच जरा अडचणीचा. पण टेकचंदने जन्मात मोहाची दारू चाखली नव्हती, आणि त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

परवाच नागपूरच्या डॉक्टरने सुई टोचली आणि पापण्या वर गेल्या. "स्नायूच्या धाग्यावर पातळ पडदा असतो. नसेचा निरोप त्यावर उतरतो. उतरायच्या जागा तुमच्याच रक्तानं बिघडवल्यात."

"म्हंजे ट्यूब भली, पंप भला, वालातच बुजलं," टेकचंद म्हणाला. पोरीत हे उतरत नाही ना, तेही त्याने विचारून घेतलं; "नाही उतरत," डॉक्टर म्हणाला. परतताना आजाराच्या दुःखापेक्षा अब्रू परत मिळाल्याचा आनंद मोठा होता. आता एकेकाला सांगायचं.

आज आंबागडचे भोजराज आपल्या मुलासाठी त्याच्या पोरीला, मंदाला, पाहायला येणार, म्हणून त्याने गाडीच्या वेळेवर डॉक्टरने दिलेली गोळी घेतली; तिचा जोर तीन-चार तासच टिके. गाडी लेट झाली. गोळी मात्र वेळेवर उतरली. दुसरी घेतली, पण ती लागायच्या आत पाहुणे ओसरीवर.

भोजराजांनी चहा घेत त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आजार-गिजार नाही ना काही, भाऊ? राग नका मानू. घरात असलं काही असलं तर आमी सोयरीक नाही करत. पोरीत उतरते."

डॉक्टरचं वाक्य टेकचंदच्या ओठावर होतं. पण नागपूरचं आंबागडला कोण पटवणार? ट्रे धरून मंदा दारातच थबकली होती.

"आजार कायचा, भाऊ," तो जड जिभेने म्हणाला. "जराशी घेतली."

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. भोजराज मोकळं हसले. "असं म्हणा ना. आमी काय सोवळे हावो का?"

सोयरीक जुळली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटला तेव्हा गोळीचा जोर ओसरत आला होता. एकाने सायकल टेकवली. "टेकचंद, लागली का आज?"

"हो. जराशी."

काळ्या बोटाने पापणी उचलून धरून, तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूबचा बुडबुडा शोधू लागला.